निघून गेलेली तान पकडायची कशी?

प्रश्न : गुरुजी ऑनलाइन थेट शिकवतात. रेकॉर्डिंगला त्यांची परवानगी आहे, पण बटण दाबेपर्यंत तान निघून जाते. फुकटात काही उपाय?

उत्तर : आहे, मी स्वतः तोच वापरते. ‘ओबीएस स्टुडिओ’ हे रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. सेटिंग्जमधल्या आउटपुटमध्ये ‘रिप्ले बफर’ (नुकतंच होऊन गेलेलं तात्पुरतं धरून ठेवणारी सोय) चालू करून वेळ 30 सेकंद ठेवा. हॉटकीजमध्ये ‘सेव्ह रिप्ले’साठी एक कळ नेमा. शिकवणी सुरू होताच ‘स्टार्ट रिप्ले बफर’ दाबायचं, हे विसरू नका. मग निवांत ऐका. तान संपली, मनापासून दाद दिली, की कळ दाबा. मागचे 30 सेकंद साठवले जातात. ओबीएसमधला माइक मात्र बंद ठेवा, नाहीतर घरातले आवाज त्या तानेत मिसळतात.