बाबांना गुंगी देण्याआधी बाबांना विचारा

मुलुंडहून लिहिलेला तुमचा प्रश्न काल रात्री दोनदा वाचला. बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर, उपचार थांबवून घरी आणलंय, धाप इतकी की तीन रात्री उशीला टेकून बसून काढल्या. डॉक्टर म्हणतात, आता गुंगीचं औषध सुरू करू. आत्या म्हणतात, हे इच्छामरणच झालं, माझ्या भावाला मारू नका. आणि तुम्ही विचारताय, हो म्हटलं तर पाप माझ्या माथी येईल का?

मी बावीस वर्षं कॅन्सर वॉर्डात सिस्टर होते, नंतर नऊ वर्षं पेशंटच्या घरी जाऊन काम केलं. माझं उत्तर: नाही, हे मारणं नव्हे. पण औषध कशासाठी आणि कसं देतायत, यावर सगळं अवलंबून आहे.

हेतू मनात असतो, तो बाहेरच्याला दिसत नाही असं लोक म्हणतात. मला तो सिरिंज पंपावर, म्हणजे सुईतून थोडं थोडं औषध सोडणाऱ्या यंत्रावर दिसतो. जीव घ्यायचा असेल तर एकदम मोठा डोस जातो. गुंगीसाठी मिडाझोलाम बहुधा ताशी अर्धा ते एक मिलिग्रॅमपासून सुरू करतात, कातडीखालच्या बारीक सुईतून. मग पेशंटकडे बघत बसायचं. कपाळावरची आठी गेली का, चादर ओढायची थांबली का, श्वासाला खांदे उचलावे लागतायत का. गरज असेल तर थोडं वाढवायचं. हलक्या गुंगीत माणूस निवांत झाला तर तिथेच थांबायचं.

लालबागच्या एका चाळीतल्या आजी आठवतात. त्यांचंही दुखणं फुप्फुसाचंच. पंप सुरू होऊन दीड दिवस झाला होता आणि मुलगी रत्नागिरीहून कोकणकन्येने येत होती. डॉक्टरांशी फोनवर बोलून मी पहाटे डोस कमी केला. साडेसहाला मुलगी बॅग खांद्याला तशीच ठेवून खाटेशी बसली. आजींनी डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गाडीला गर्दी होती का गं?" वीसेक मिनिटं गेली. धाप परत चढायला लागली तसं आम्ही औषध पुन्हा वाढवलं. मारायचं असतं तर डोस कमी कशाला केला असता? आत्यांना हे सांगा.

औषधाने मरण अलीकडे येतं का, हाही प्रश्न आत्यांच्या मनात असणार. २००९ साली इटलीतल्या डॉक्टरांनी अशी गुंगी दिलेले आणि न दिलेले पेशंट तुलना करून पाहिले. गुंगी दिलेले कमी जगले असं दिसलं नाही. एकेका माणसाची खात्री कुणीच देणार नाही, पण बेताने दिलेलं औषध नाही, आजारच नेतो.

आता उलटी बाजू, कारण मी चुकीची गुंगीही पाहिली आहे. एका नर्सिंग होममध्ये एक गृहस्थ होते. दुखणं गोळ्यांनी आवाक्यात होतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "मला नक्की काय झालंय? मी घरी कधी जाणार?" घरच्यांना उत्तर द्यायचं धाडस होईना, डॉक्टरही टाळायचे. एका संध्याकाळी "फार अस्वस्थ आहेत" असं लिहून त्यांना झोपवलं. ते पुन्हा बोलले नाहीत. मी तेव्हा नवी होते, गप्प राहिले. त्यांचा त्रास औषधाने जाणारा नव्हताच, उत्तर न मिळण्याचा होता. शेजारी बसून खरं सांगणारं एक माणूस पुरलं असतं.

म्हणून डॉक्टरांना नीट विचारा: गुंगीशिवाय काय काय करून झालं? धापेवर मॉर्फिनचा छोटा डोस चालतो, त्याला घाबरायचं कारण नाही. छातीत पाणी साठलं असेल तर काढता येतं का? तोंडावर पंख्याचा वारा, खिडकीपाशी खाट, यानेसुद्धा फरक पडतो. सगळं करूनही त्रास आवरत नसेल आणि हातात थोडेच दिवस असतील, तर खोल गुंगी योग्य. महिने उरलेल्या माणसाला कायमचं झोपवणं हा वेगळा आणि फार अवघड विषय आहे. बाबांचं तसं नाही. आणि मॉर्फिनचाच डोस चढवून कुणी झोपवू बघत असेल तर थांबवा. मॉर्फिन दुखण्यासाठी आणि धापेसाठी, गुंगीचं औषध वेगळं.

तुमच्या प्रश्नात आत्या आहेत, डॉक्टर आहेत, तुम्ही आहात. बाबांचं म्हणणं कुठेच नाही. ते अजून दोन-दोन शब्द बोलतायत ना? मग त्यांनाच विचारा. "बाबा, धाप कमी व्हायला औषध आहे, पण झोप येईल, कदाचित बोलता येणार नाही. सुरू करूया का?" एवढंच. मी असं विचारलेल्यांपैकी बहुतेकांनी मान हलवली. एकाने सांगितलं, उद्या, आज नातवाला बघायचंय. आम्ही थांबलो.

पाण्याचं म्हणाल तर, गुंगीआधीच बाबांचं खाणं-पिणं सुटलंय असं तुम्ही लिहिलंय. उपाशी ठेवल्याने ते जाणार नाहीत. शरीर मिटत चाललंय म्हणून भूक गेली आहे. या वेळी सलाईनचा आग्रह धरला तर घशातली घरघर आणि पायांची सूज वाढू शकते. ओल्या कापसाने ओठ, जीभ पुसत राहा. आत्यांना तुळशीपत्राने पाणी लावायचं असेल तर अगदी लावू द्या, त्यांच्याच हातून.

कायद्याचं थोडक्यात. आत्यांच्या डोक्यात अरुणा शानबाग असणार, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात वर्षानुवर्षं भान हरपून पडून असलेल्या नर्स. त्यांच्याबाबत २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात वाद होता तो जगवणारे उपचार काढावेत का याचा, आणि ते काढू नयेत हे त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचं म्हणणं कोर्टाने मानलं. त्या २०१५ च्या मे महिन्यात न्यूमोनियाने गेल्या. सन्मानाने मरण्याचा हक्क कोर्टाने २०१८ मध्ये मान्य केला. जीव घेणारं इंजेक्शन आजही गुन्हा आहे. बाबांचं औषध यातल्या कशातच बसत नाही, ते त्रासावरचं औषध आहे.

घरी झेपत नसेल तर वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून हेच काम करतंय. तिथे चौकशी करा.

आणि पंप शक्यतो सकाळी सुरू करायला सांगा, नर्सचा नंबर हाताशी ठेवून. त्याआधी आत्यांना बोलावून घ्या, बहीण-भावाला अर्धा तास एकटं सोडा. मात्र रात्रीच धाप फार वाढली तर सकाळची वाट बघू नका.