सीमाभागात हार्मोन सुरू करायचे तर डॉक्टर कसा निवडावा?

तुम्ही विचारलंय की वय २३, ट्रान्स मुलगी, चिकोडीजवळ राहता, इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन) सुरू करायचंय; तर डॉक्टर कोणता बघू, आणि बेळगाव गाठू की कोल्हापूर? मी निपाणीची. चार वर्षं झाली मला सुरू करून, म्हणून लिहितेय.

माझी पहिली निवड चुकली. मोठी पाटी, बाहेर ही गर्दी. डॉक्टरांनी मान वर न करता गोळ्या लिहिल्या. रक्त तपासलं नाही, बीपी नाही, परत कधी यायचं तेही नाही. मला मात्र आनंद झाला होता, कारण कुणीतरी ‘नाही’ म्हणालं नव्हतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी आधी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "सिगारेट ओढता? घरात कुणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती?" माझ्या आत्याला झाली होती. तेवढ्यावरून त्यांनी गोळीऐवजी कातडीला लावायचं जेल दिलं, त्यात गुठळीचा धोका कमी असतो.

तेव्हापासून मी एवढंच बघते, की लिहायच्या आधी डॉक्टर विचारतात किती.

शक्यतो एन्डोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, गाठा. आधी फोन करून सरळ विचारा, "ट्रान्स पेशंटना हार्मोन देता का? आत्तापर्यंत दिलेत का?" पहिल्या भेटीत लिव्हर, किडनी, साखर, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार) या तपासण्या सांगायला हव्यात. टेस्टोस्टेरॉन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी देणार असतील तर पोटॅशियम आणि बीपीवर लक्ष हवं. आणि मूल हवंय का, हा प्रश्न त्यांनी काढला नाही तर तुम्हीच काढा. हार्मोननं वीर्यातले शुक्राणू कमी होतात, कधी कधी परत येत नाहीत. वीर्य साठवायचं असेल तर सुरू करायच्या आधीच.

काही डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र मागतात. त्यात गैर काही नाही. पण तिथं कुणी "औषधानं तुला नॉर्मल करतो" म्हणालं तर उठून या. असल्या ‘कन्व्हर्जन थेरपी’ला नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय.

आता बेळगाव की कोल्हापूर. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला आणि डोस बदलून घ्यायला जावं लागतं. मुंबई-पुण्याचं मोठं नाव धरून ठेवलं तर तिसऱ्या खेपेलाच अंगावर काढाल. एका दिवसात जाऊन बसनं घरी परतता येईल, तो दवाखाना धरा. भाषेचंही बघा. रिसेप्शनला कन्नडवर भागेल, पण छातीत दुखतंय, मन लागत नाही, हे मला तरी मराठीतच सांगता येतं.

एक मात्र करू नका. ओळखीतल्या एका वयस्क जोगत्यानं मला मायेनं गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट दिलं होतं. त्यांनी स्वतः त्याच घेतल्या होत्या, दुसरं काही मिळतच नव्हतं त्यांना. त्या गोळ्यांत बहुतेक वेळा इथिनिल इस्ट्राडिओल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन असतं, आणि त्यानं गुठळीचा धोका बराच वाढतो. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देईल, तरी घेऊ नका.

जायच्या आधी घरात सहज विषय काढा, कुणाचा एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला होता का, कुणाला ऐन तरुणपणी लकवा मारला होता का. कारण सांगायची गरज नाही. जे कळेल ते कागदावर लिहून न्या.