जुळे सोलापूरचा प्लॉट आत्ता विकू नका

नमस्कार मालक,

पत्र दोनदा वाचलं. अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना, मुलगा पुण्यात मामाकडं राहून बारावी सायन्स करतोय, मामा क्लबचे मेंबर म्हणून दोन वर्षांपूर्वी गोल्फचं वेड लागलं, आता हँडिकॅप 9 आहे (म्हणजे चांगल्या दिवशी ठरलेल्या शॉटपेक्षा साधारण नऊ जास्त लागतात, आकडा जितका कमी तितका खेळाडू चांगला) आणि चिरंजीव म्हणतायत बोर्डाला बसत नाही, प्रो होतो, म्हणजे पैशासाठी खेळतो, एशियन टूरच्या क्यू-स्कूलला, म्हणजे टूरवर प्रवेश मिळवायच्या स्पर्धेला, जातो. आणि तुमचा प्रश्न असा की जुळे सोलापूरचा प्लॉट विकून त्याला दोन वर्षं द्यायची का.

प्लॉट राहू द्या. पण पोराला वेड्यातही काढू नका, दोन वर्षांत 9 म्हणजे हात चांगला आहे.

आधी ही टूर काय आहे ते बघा, कारण घरात सगळ्यांना ती आयपीएलसारखी वाटतेय, की एकदा टीममध्ये घेतलं की पैसे सुरू. इथं टीम नाही, मालक नाही, पगार नाही. वर्षभर आज फिलिपिन्स, मग थायलंड, मलेशिया, तैवान, इंडोनेशिया, कधी न्यूझीलंड, कधी सौदी, अशा एकेका आठवड्याच्या टुर्नामेंट असतात. गुरुवार ते रविवार चार राऊंड, रोज 18 होल. शुक्रवारी संध्याकाळी कट लागतो, साधारण वरचे 65 आणि बरोबरीतले पुढं जातात, बाकीचे घरी. घरी म्हणजे शून्य रुपये. तिकीट, हॉटेल, कॅडी, व्हिसा सगळं आपल्या खिशातून गेलेलं असतं. तुमच्या भाषेत सांगतो, सूत उधारीवर घेतलं, माल काढला, कंटेनर भरून पाठवला आणि तिकडं पूर्ण लॉट रिजेक्ट. आणि पुढच्या सोमवारी परत नवीन कंटेनर भरायचा. तुम्ही शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिली तरी परदेशातला एक आठवडा लाख-सव्वा लाखाच्या खाली माझ्या हिशोबात बसत नाही. असे वर्षाला वीस धरा. जिंकणाऱ्याला एकूण बक्षिसाचे साधारण 18 टक्के मिळतात हे खरंय, पण कट पार करून शेवटून आलेल्याचा तर खर्चसुद्धा निघेल याची खात्री नाही.

एकदा एका टुर्नामेंटला मी शुक्रवारी गेलो होतो, मला गोल्फ खेळता येत नाही, नुसतं बघायला. पार्किंगमध्ये एक पोरगा डिकीत बॅग आडवी करून बसवत होता, बसेना, तर एकेक क्लब बाहेर काढून परत भरत होता आणि कानाखांद्यात फोन धरून रविवारचं तिकीट आजच्यावर करून घेत होता. एका शॉटने कट हुकला होता. वैतागही नव्हता चेहऱ्यावर, सवयीचं झालेलं. मला ते जास्त लागलं.

आता हँडिकॅप 9. हा आकडा शेवटच्या वीस राऊंडमधल्या बेस्ट आठवरून काढतात, म्हणजे तो पोराचे चांगले दिवस सांगतो, रोजचे नाही. पार 72 च्या कोर्सवर, म्हणजे जिथं 18 होलला 72 शॉट ठरलेत तिथं, चांगल्या दिवशी 81 च्या आसपास. टूरवर कट बहुतेक वेळा पारच्या आगेमागे लागतो, म्हणजे दोनच दिवसात पोरगं अठरा शॉट मागं, तेही चांगले दिवस धरून. आणि वरच्या लोकांचं विचारूच नका, 2024 ला मकाऊमध्ये जॉन कॅटलिनने एका राऊंडला 59 मारले. क्यू-स्कूलची शेवटची फेरी अलीकडं थायलंडमध्ये हुआ हिनला असते, तिथून 35 आणि बरोबरीतल्यांना कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, मिळतो, आणि तिथं जो येतो तो 9 वाला नसतो, शून्याच्याही खालचा असतो.

आपली माणसं तिथं टॉपला गेलीत, नाही असं नाही. ज्योती रंधावा 2002 ला ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे टूरच्या वर्षभराच्या क्रमवारीत, पहिला, अर्जुन अटवाल 2003, जीव मिल्खासिंग दोनदा, 2006 आणि 2008, अनिर्बान लाहिरी 2015. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्तामध्ये गवताची देखभाल करायचे, तो पोरगा पुढं इंडियन ओपन लागोपाठ दोन वर्षं जिंकला. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकला गेला. पण बोर्डाची परीक्षा सोडणं ही यातल्या कुणाची गुरुकिल्ली नाही हो.

म्हणून माझं म्हणणं, आत्ता प्रो व्हायचंच नाही, अमॅच्युअरच राहायचं. अठरा पूर्ण होईपर्यंत इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनिअर टुर्नामेंट खेळू दे, खर्च आपल्या देशातला, आणि अमेरिकेतल्या कॉलेजच्या गोल्फ स्कॉलरशिपचा रस्ता उघडा राहतो, प्रो झालं की तो जवळपास बंद. हँडिकॅप शून्याला आला, टुर्नामेंटमध्ये पारच्या खाली राऊंड यायला लागले, की मग पीजीटीआय, म्हणजे आपली देशातली टूर, तिथं कार्ड काढायचं, मग एशियन डेव्हलपमेंट टूर, मग वरची. तेव्हा प्लॉटचा विषय काढा, मी स्वतः तुमच्याकडं चहाला येतो.

आणि बारावी सायन्स आहे तर सीईटी देऊन बीएस्सी ॲग्रीचा फॉर्म भरायला काय हरकत आहे. हसू नका, पण आपला शेतकरी बांधावरून जी हरळी उपटून उपटून थकतो, तिच्याच सुधारित जाती आशियातल्या कितीतरी कोर्सवर लावतात आणि ग्रीनवर तीन-चार मिलिमीटरवर कापून ठेवतात. पाणी, बुरशी, माती, रोजची कटिंग, हे बघायला शिकलेला माणूस लागतो आणि त्याला महिन्याला पगार असतो, शुक्रवारी कट नसतो. पोराला हे आवडेलच असं नाही. विचारून बघा फक्त.

या रविवारी तो राऊंड खेळेल तेव्हा स्कोअरकार्डचा फोटो मला पाठवायला सांगा, असे सलग दहा पाठवायचे. मामांबरोबर नको, अनोळखी मार्करची, म्हणजे स्कोअर लिहिणाऱ्याची, सही पाहिजे, आणि बॉल होलजवळ आला म्हणून मित्रांनी सोडून दिलेला शेवटचा हलका फटका (पट) धरायचा नाही, प्रत्येक बॉल आत गेलेला पाहिजे. दहावं कार्ड आलं की मला फोन करा.