लोखंड-कथील बंध जोडताना दर वेळी डायमरच परत का मिळतो?

तुम्ही लिहिलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सायक्लोपेंटाडायनिल आयर्न डायकार्बोनिलचा डायमर (दोन सारखे तुकडे लोखंड-लोखंड बंधाने जोडलेला रेणू) टीएचएफ या द्रावकात सोडियम अमाल्गमवर, म्हणजे पाऱ्यात विरघळवलेल्या सोडियमवर, ढवळता, मग ट्रायफेनिलटिन क्लोराइड घालता, आणि शेवटी हाती तोच गडद लाल डायमर येतो. याच रिॲक्शनवर मी पीएचडीचं जवळजवळ एक वर्ष घालवलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बंध जोडण्याची पायरी मुळात सोपी आहे. सोडियम डायमर तोडून त्याचे ऋणभारित तुकडे करतं; हे लोखंडाचं ऋणायन कथिलावर चाल करतं, क्लोराइड सुटतं आणि साधं मीठ तळाशी बसतं. याच मार्गाने १९५६ साली विल्किन्सन आणि सहकाऱ्यांनी लोखंड-सिलिकॉन बंधाचं संयुग बनवलं होतं. तुमचं नुकसान त्याच्या आधी होतंय. ऋणायनाला किंचित हवा लागली तरी इलेक्ट्रॉन जातो आणि दोन तुकडे पुन्हा जुळून डायमर होतो.

रंगावर नजर ठेवा. गडद लाल द्रावण पिवळट नारिंगी झालं की ऋणायन तयार. माझ्या फ्लास्कमध्ये ते छान नारिंगी व्हायचं, आणि अर्ध्या तासाने द्रावणाच्या वरच्या कडेला लालसर कडं दिसायचं. रंग वरून खाली उतरत होता, म्हणजे हवा वरूनच येत होती. सेप्टम, म्हणजे फ्लास्कच्या तोंडावरचं रबरी बूच, सुयांनी चाळण झालेला होता! तो बदलला, टीएचएफ सोडियम-बेंझोफिनोनवरून (पाणी आणि हवा काढण्यासाठी) ताजं ऊर्ध्वपातित केलं, आणि पहिल्यांदाच पिवळे स्फटिक मिळाले. तो दिवस अजून आठवतो.

दुसरी चूक बरेच जण करतात. कथिलाचं क्लोराइड घालण्याआधी अमाल्गम फ्लास्कच्या खालच्या तोटीतून पूर्ण काढून टाका. राहिलं तर उरलेलं सोडियम त्या कथिलाच्या क्लोराइडलाच क्षपित करतं, म्हणजे इलेक्ट्रॉन देतं, आणि कथील-कथील बंधाचं संयुग मिळतं. शिवाय लोखंड-पारा बंधाचंही थोडं बनतं. क्लोराइडऐवजी कथिलाचं आयोडाइड वापरायचा मोह टाळा, तिथे नुसता इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जाऊन डायमर परत यायची शक्यता जास्त.

आयआर (इन्फ्रारेड वर्णपट) वर्कअपनंतरच, म्हणजे पदार्थ वेगळा काढून शुद्ध केल्यावरच, बघा. डायमरमधल्या दोन लोखंडांना पूल बांधणाऱ्या कार्बोनिलची (CO गटाची) पट्टी १७९० cm⁻¹ च्या आसपास येते, पण ऋणायनाच्या पट्ट्याही त्याच भागात असल्याने रिॲक्शन चालू असताना फसगत होते. शुद्ध पदार्थात २००० आणि १९५० च्या जवळपास दोनच ठळक पट्ट्या हव्यात.

तुमच्याकडे श्लेंक लाइन (हवा वगळून काम करायची निर्वात-निष्क्रिय वायूची जोडणी) धड नसेल, तर गाइडशी बोलून विषय थोडा वळवा. डायमर आणि स्टॅनस क्लोराइड मिथेनॉलमध्ये रिफ्लक्स केलं (वाफ थंड करून परत पाडत उकळलं) की कथील थेट लोखंड-लोखंड बंधात शिरतं. पारा नाही, सोडियम नाही, आणि लोखंड-कथील बंध एकाऐवजी दोन. मात्र ट्रायफेनिलटिन क्लोराइड वापरणारच असाल तर ते विषारी आहे, हातमोजे घालून हूडमध्येच तोला.