वाचकांचे प्रश्न : ब्लोअरच्या इंजिनावर गेज बसवताना

प्रश्न : माझ्या हॉट रॉडमध्ये (वेगासाठी फेरबदल केलेल्या जुन्या गाडीत) व्ही-८ इंजिन असून त्यावर ६-७१ जातीचा रूट्स ब्लोअर (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंप) आणि ब्लोअरच्या डोक्यावर दोन कार्ब्युरेटर आहेत. गाडीला बॉनेट नसल्यामुळे इंजिन उघडेच दिसते. इंधनाचा दाब, ऑइलचा दाब आणि बूस्ट (ब्लोअरमुळे वाढलेला हवेचा दाब) दाखवणारी तीन गेज स्वतः घडवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून ती पट्टी ब्लोअरच्या अंगालाच बोल्टने जोडण्याचा माझा विचार आहे. बूस्टची नळी कार्ब्युरेटरखालच्या प्लेटमधून घेतली तर चालेल का? बूस्ट वाढेल तसा इंधनाचा दाबही वाढायला हवा, असे एका मित्राने सांगितले. ते खरे आहे का?

उत्तर : बूस्टची नळी तेथून घेऊ नये. हे सर्वांत आधी सांगतो, कारण पट्टी चुकली तर ती काढून पुन्हा लावता येते, पण दाब चुकीच्या जागेवरून घेतला तर उत्तमातले उत्तम गेजही खोटेच बोलत राहते. तुमच्या मांडणीत कार्ब्युरेटर वर, ब्लोअर मध्ये आणि इनटेक मॅनिफोल्ड खाली आहे. ब्लोअर वरून हवा ओढतो, त्यामुळे कार्ब्युरेटर आणि रोटर यांच्यामधल्या पोकळीत इंजिन चालू असताना कमी-अधिक व्हॅक्यूमच असतो. दाब तयार होतो तो रोटरच्या खाली, मॅनिफोल्डमध्ये. वरच्या प्लेटला नळी जोडलीत, तर पूर्ण थ्रॉटलवर इंजिनात आठ पौंडांचा (येथे पौंड म्हणजे दर चौरस इंचावरचा दाब) बूस्ट असतानाही काटा शून्याच्या अलीकडेच रेंगाळेल. मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला १/८ इंची निमुळत्या आट्यांचे तयार छिद्र आहे का, ते पाहावे. नसेल तर मॅनिफोल्ड इंजिनावरून उतरवूनच आटे पाडावेत. जागेवर ड्रिल मारण्याचा मोह होतो, पण ॲल्युमिनियमचा कीस खाली व्हॉल्व्हपर्यंत गेला की तो बाहेर काढण्यासाठी हेड खोलावे लागते.

येथे बूस्टच्या अर्थाविषयीही थोडे सांगायला हवे. ६-७१ हा ब्लोअर मुळात जनरल मोटर्सच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनासाठी बनला. सहा सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडर ७१ घनइंचांचा, म्हणून हे नाव. रूट्स जातीचा ब्लोअर स्वतःच्या पोटात हवा दाबत नाही, ती फक्त खाली ढकलतो. इंजिन जेवढी हवा गिळू शकते त्याहून जास्त हवा खाली आली की ती मॅनिफोल्डमध्ये तुंबते, आणि त्या तुंबलेल्या हवेचा दाब म्हणजेच बूस्ट. म्हणून हवेला मोकळी वाट देणारी हेड बसवल्यावर ब्लोअर फिरवणारी पुली तीच असताना बूस्टचा काटा खाली येतो आणि ताकद मात्र वाढते. उलट, एरवी आठपर्यंत जाणारा काटा वरच्या फेऱ्यांना सहावरच अडकू लागला, तर ब्लोअर फिरवणारा पट्टा (बेल्ट) घसरतो आहे का, ते प्रथम तपासावे. हे सगळे कळण्यासाठी काट्याला वावरायला जागा हवी. तेव्हा ६० पौंडांचे गेज न घेता व्हॅक्यूम आणि १५ पौंडांपर्यंतचा बूस्ट दोन्ही दाखवणारे गेज घ्यावे.

तुमच्या मित्राचा नियम चुकीचा नाही, पण तो तुमच्या मांडणीला लागू होत नाही. कार्ब्युरेटर ब्लोअरच्या पुढे, म्हणजे दाबाच्या बाजूला असेल, तर त्याच्या फ्लोट बाउलवरही (कार्ब्युरेटरमधल्या इंधनाच्या छोट्या साठ्यावरही) बूस्टचा दाब येतो आणि इंधनाचा दाब तेवढाच वाढवावा लागतो. तुमचे कार्ब्युरेटर उघड्या हवेत श्वास घेतात. त्यांना सहा-सात पौंडांचा स्थिर दाब पुरतो. खरी काळजी आहे ती हा दाब पूर्ण थ्रॉटलवर टिकतो की नाही याची, कारण बूस्टखाली इंधन कमी पडले तर पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही.

आणि म्हणूनच इंजिनावरच्या गेजविषयी माझे मत स्पष्ट आहे. ते गेज इंजिनाशेजारी उभे राहून इंधनाचा दाब ठरवणारा रेग्युलेटर फिरवणाऱ्यासाठी असते. वेगात असलेला चालक ते वाचू शकत नाही, त्याने वाचूही नये. इंधन आणि ऑइल या दोन्ही दाबांसाठी इलेक्ट्रिक सेन्सर लावून त्यांची गेज डॅशबोर्डवर घ्यावीत आणि ऑइलचा दाब घसरताच पेटणारा लाल दिवाही नजरेसमोर ठेवावा. इंधन भरलेली नळी मात्र कोणत्याही परिस्थितीत केबिनमध्ये आणू नये.

इंजिनावरच्या इंधनाच्या गेजविषयी एक अनुभव सांगतो. ग्लिसरीन भरलेली गेज कंपने सोसतात, म्हणून इंजिनावर तीच बसवतात, आणि तसेच एक गेज मीही कार्ब्युरेटरच्या इंधन-नळीवर बसवले होते. सकाळी थंड इंजिनावर काटा सातवर होता. अर्ध्या तासाने तो चारवर आला. पंप थकला असे समजून मी रेग्युलेटर आवळत गेलो आणि काटा पुन्हा सातवर आणला. थोड्याच वेळात इंधनाची वाट बंद करणाऱ्या फ्लोटच्या सुया दाबापुढे हरल्या आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल ब्लोअरमध्ये ठिबकू लागले. इंजिन बंद केले, सगळे निवल्यावर शांतपणे विचार केला, तेव्हा उलगडा झाला. उष्णतेने गेजच्या बंद डबीतले ग्लिसरीन आणि हवा फुगली होती, आणि डबीतला तो वाढीव दाब काट्याला मागे ढकलत होता. दुसऱ्या दिवशी इंजिन तापल्यावर डबीच्या वरचे छोटे रबरी बूच नखाने जरा उचलले. ‘फुस्स’ असा बारीक आवाज झाला, बोटाला ग्लिसरीनचा थेंब लागला आणि काटा डोळ्यांदेखत तीन पौंड वर चढला. पंप पहिल्यापासून ठणठणीत होता. १०० पौंडांच्या गेजवर एवढा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण १५ पौंडांच्या गेजवर तो घातक ठरतो. बूच असलेलेच गेज घ्यावे, ते बूच वरच्या बाजूला येईल असे बसवावे आणि तापलेल्या इंजिनावर वाचन घेण्यापूर्वी ते एकदा उचलावे.

आता पट्टी. ती ब्लोअरच्या अंगाला जोडू नये. हवा ढकलता ढकलता ब्लोअरचे कवच चांगलेच तापते, शिवाय समोरच पट्टा आहे. तो तुटला तर वाटेत येईल ते फोडतो. मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला, पट्ट्यापासून आणि एक्झॉस्टपासून दूर, ३ मिलिमीटर जाडीची पट्टी दोन ठिकाणी आधार देऊन बसवावी. एकाच बोल्टवर लोंबणारी पट्टी थरथरून मुळाशी तडकते. गेज फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवर) लावण्याचे पुढे मनात आले, तर एक भान ठेवावे : थ्रॉटल दाबताच इंजिन आपल्या माउंटिंगवर पिळते, फायरवॉल मात्र जागची हलत नाही, त्यामुळे नळ्यांना मध्ये एक सैल वळण द्यावेच लागते.

ऑइलसाठी तांब्याची नळी वापरू नये. कंपनांनी तांबे कडक होते आणि एक दिवस फेरूलपाशी (जोडावरच्या कडीपाशी) चिरते. स्टीलच्या वेणीची लवचीक नळी घ्यावी. ऑइलचा जड सेन्सरही पितळी निपल (जोडनळी) लावून ब्लॉकवर लोंबकळत ठेवू नये. निपल मोडले तर ऑइल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर उडते. तोही आखूड लवचीक नळीने बाजूला घेऊन क्लॅम्पने घट्ट बसवावा. असे केल्यावर ब्लॉकशी धातूचा संपर्क न राहिल्याने एकतारी सेन्सरचे अर्थिंग तुटते, म्हणून त्याच्या अंगाला वेगळी अर्थची तार जोडण्यास विसरू नये.

प्रश्न : जुन्या डॅशबोर्डवर ३० अँपिअरचा अ‍ॅमीटर आहे. आता १०० अँपिअरचा अल्टरनेटर बसवला आहे. अ‍ॅमीटर तसाच ठेवू का?

उत्तर : ठेवू नये. या मीटरमधून गाडीच्या चार्जिंगचा सगळा प्रवाह जातो, आणि डायनॅमोच्या, म्हणजे अल्टरनेटरपूर्वीच्या, काळातल्या तारा १०० अँपिअरसाठी नसतात. डॅशबोर्डमागची आग बहुधा अशाच ठिकाणी लागते. त्या जागी व्होल्टमीटर लावावा. इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवील. जुन्या मीटरचा चेहरा मोडवत नसेल, तर त्याच्या जोडण्या काढून टाकाव्यात, त्या दोन्ही तारा योग्य जाडीच्या एका फ्यूजबंद तारेने बदलाव्यात आणि मीटर केवळ शोभेसाठी जागेवर राहू द्यावा.