वाऱ्यासवे निघण्याआधी उतरण्याची जागा

गेल्या दोन महिन्यांत काइटबोर्डिंगविषयी जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या काठी राहणाऱ्या मराठी वाचकांची आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना एकच गोष्ट करायची आहे : वाऱ्याच्या दिशेने एका किनाऱ्यावरून निघायचे आणि माघारी न येता दूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर उतरायचे. या खेळातील मंडळी अशा सफरीला ‘डाउनविंडर’ म्हणतात. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, २०-२४ मीटर लांबीच्या दोऱ्यांनी जोडलेला मोठा पतंग माणसाला पायांखालच्या फळीसह पाण्यावरून ओढत नेतो. या खाडीला इंग्रजीत ‘बे’ म्हणत असले, तरी सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या नद्यांचे गोडे पाणी व पॅसिफिकची भरती-ओहोटी येथे एकमेकांत मिसळते. त्यामुळे कोकणातल्या माणसाने तिला खाडी म्हटले तर ते अधिक बरोबर आहे.

आम्ही चौघे मित्र दोन वर्षांपासून अलामीडाच्या क्राउन बीचवर काइटबोर्डिंग करतो. या उन्हाळ्यात क्रिसी फील्डवरून निघून बर्कलीपर्यंत जाण्याचा विचार आहे. तयारी कोठून सुरू करावी?
— एक वाचक, फ्रीमाँट

बर्कलीपासून. गोल्डन गेट पुलाजवळच्या क्रिसी फील्डच्या किनाऱ्यावर वारा किती आहे हे सगळेच पाहतात. तुम्ही त्याआधी एखाद्या शनिवारी ऐन ओहोटीच्या वेळी गाडीने खाडीच्या पूर्व काठावरील एमरीव्हिल आणि बर्कली गाठा आणि तो काठ पायी फिरून पाहा. काठाचा बराचसा भाग दगडी बांधाचा आहे, तेथे २०-२४ मीटरच्या दोऱ्या आणि फुगवलेला काइट घेऊन सुखरूप उतरणे अवघड असते. पॉइंट एमरीसारख्या काइट उतरवता येईल अशा जागा थोड्या आणि अरुंद आहेत. शिवाय समोरचे पाणी इतके उथळ आहे की, हायड्रोफॉइल, म्हणजे खाली दांडा आणि पाण्यातले पंख असलेली फळी, वापरणाऱ्याचा तो दांडा ओहोटीच्या वेळी काठापासून बऱ्याच अंतरावर चिखलात रुततो. मी स्वतः पहिल्याच खेपेला सायंकाळच्या ओहोटीत तेथे पोहोचलो आणि शेवटचे दोन-तीनशे मीटर बोर्ड डोक्यावर घेऊन, गुडघाभर चिखलातून, अर्ध्या तासात कसेबसे पार केले. त्या अर्ध्या तासात वारा पडला असता तर काय केले असते, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

बर्कलीच्या जुन्या धक्क्याचे अवशेषही त्याच फेरीत नजरेखालून घाला. १९२६ मध्ये बांधलेला हा धक्का खाडीत सुमारे साडेपाच किलोमीटर आत गेलेला होता. आता त्याच्या बाहेरच्या भागाचे नुसते कुजलेले खांब उरले आहेत, आणि पश्चिमेकडून उन्हाच्या तिरिपीत चमकणाऱ्या पाण्यावरून वेगाने येणाऱ्याला ते फार उशिरा दिसतात. उतरायचे ठिकाण धक्क्याच्या दक्षिणेला की उत्तरेला हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे, कारण ऐन वेळी काइट घेऊन त्या खांबांच्या रांगेतून पलीकडे जाण्याची कल्पनाही करू नये.

उतरण्याची जागा पक्की झाली की निघण्याची वेळ आपोआप ठरते. तुम्हाला बर्कलीला पाणी चढलेले हवे, आणि गोल्डन गेटपाशी प्रवाह आत येणारा हवा. सुदैवाने या दोन्ही गरजा एकच भरती भागवते. भरतीचा जोर असताना निघालात तर प्रवाह आणि वारा दोन्ही पूर्वेकडे नेतात, पाणी त्या मानाने सपाट राहते आणि पोहोचेपर्यंत चिखल झाकला गेलेला असतो. ओहोटीत चित्र उलटे होते. गोल्डन गेटच्या अरुंद तोंडातून बाहेर जाणारा प्रवाह उधाणाच्या दिवसांत चार-पाच नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) जातो, समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झुंजून उभ्या, आखूड लाटा उठवतो, आणि त्या वेळी काइट पाण्यात पडला तर पुलाखालून पॅसिफिकच्या दिशेने वाहत जाण्याची शक्यता खरी असते. क्रिसीवर रोज खेळणारे काही अनुभवी लोक ओहोटी मुद्दाम निवडतात, कारण पाणी वाऱ्याच्या विरुद्ध वाहत असल्याने काइटला जास्त वारा मिळतो. ते लोक निघाले तेथेच परत येणारे असतात. तुमचे गणित वेगळे आहे.

क्रिसीच्या वाळूलगत वारा पुष्कळदा मंद असतो, दोनशे मीटर आत तो जोरकस होतो, आणि सायंकाळी काठाजवळ तो आधी मरतो. म्हणजे निघतानाचा पहिला टप्पाच कसोटीचा आहे. तो पार झाल्यावर अल्कॅट्राझ बेटाच्या मागची वाऱ्याची सावली आणि ट्रेझर आयलंड टाळून, गोल्डन गेटमधून थेट पूर्वेकडे येणाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात राहावे. सरळ रेषेत हे अंतर सुमारे १३ किलोमीटर भरते; पण काइटवर कोणी सरळ रेषेत जात नाही, नागमोडी जातो, त्यामुळे १७-१८ किलोमीटरची तयारी ठेवावी.

जहाजांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण क्राउन बीचवर तुम्हाला त्यांचा अनुभव आलेला नसेल. ओकलंड बंदराकडे जाणारी कंटेनर जहाजे तुमचा मार्ग छेदतात. मोठ्या जहाजांना खाडीत १५ नॉटची वेगमर्यादा आहे. म्हणजे दोन किलोमीटरवर ‘लांब’ दिसणारे जहाज साधारण सव्वाचार मिनिटांत तुमच्यापाशी पोहोचते. ते तुमच्यासाठी वळू शकत नाही, आणि नियमानुसारही अरुंद मार्गात वाट सोडायची ती तुम्हीच. चौघांपैकी निदान दोघांकडे पाणी न शिरणारा व्हीएचएफ रेडिओ असावा. जहाजवाहतुकीचे नियंत्रण चॅनेल १४ वर ऐकू येते आणि संकटाची हाक चॅनेल १६ वर द्यायची असते. उरलेल्या दोघांकडे शिट्टी, आणि चौघांच्याही हार्नेसला दोर कापायची आकडी-सुरी हवीच.

क्राउन बीचवर काइट पडला की माणूस कंबरभर पाण्यात उभा राहतो. खाडीची सरासरी खोली जेमतेम चार-पाच मीटर असली, तरी गोल्डन गेट पुलाखाली ती शंभर मीटरहून अधिक आहे, आणि उन्हाळ्यातही त्या भागातले पाणी १२ ते १५ अंश सेल्सिअस असते. म्हणून दोऱ्या बारवर, म्हणजे हातातल्या दांडीवर, गुंडाळत काइटपर्यंत जाणे, त्याच्या फुगवलेल्या कडेवर आडवे होऊन टोक हातात धरणे आणि त्याचेच शीड करून काठाकडे सरकणे, हा सराव पाय न टेकणाऱ्या पाण्यात प्रत्येकाने निदान तीन वेळा केलेला असावा. चौघांपैकी एकाला जरी हे जमत नसेल तर सफर पुढच्या महिन्यावर टाका. वेग नेहमी सर्वांत कच्च्या गड्याचा धरावा.

एक गाडी आधीच बर्कलीला नेऊन ठेवा. तीत कोरडे कपडे आणि घरची किल्ली ठेवा. बे ब्रिजवर टोल फक्त पश्चिमेकडे जाताना लागतो. पण सायंकाळी पूर्वेकडे येणाऱ्या गाड्यांची जी रांग लागते ती पाहता, खाडी पाण्यावरून ओलांडणारा बहुधा आधी पोहोचतो.

उन्हाळ्यात दुपारनंतरच वारा का उठतो, आणि तो सायंकाळपर्यंत टिकेल हे कसे ओळखावे?
— एक वाचक, सनीव्हेल

शाळेच्या भूगोलात वाचलेले खारे वारे ते हेच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत कॅलिफोर्नियाचा अंतर्भाग, म्हणजे सेंट्रल व्हॅली, दुपारी चांगलाच तापतो, ऐन उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या आसपास, तर किनाऱ्याबाहेरचा समुद्र खालून वर येणाऱ्या गार पाण्यामुळे थंडच राहतो. तापलेल्या हवेच्या जागी थंड हवा आत ओढली जाते. पण मध्ये डोंगरांची रांग असल्याने ती मोजक्याच खिंडींतून शिरते. गोल्डन गेट ही त्यांतील सर्वांत मोठी आणि सॅन ब्रुनो पर्वताच्या दक्षिणेकडील खिंड ही दुसरी, जिच्या तोंडाशी सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ आहे.

ओळखायचे असेल तर सॅन फ्रान्सिस्को आणि सॅक्रामेंटो येथील हवेच्या दाबातला फरक पाहावा. तो दोन-तीन मिलिबारवर गेला की वारा सहसा दगा देत नाही. किनाऱ्यावर धुके आणि आत कडक ऊन, असा दिवस उत्तम. सेंट्रल व्हॅलीतच उष्णता नसेल, किंवा धुक्याची चादर जाड होऊन साऱ्या खाडीवर पसरली असेल, तर दुपारी दोनला दिसणारा वारा पाचला असेलच असे धरून चालू नये.

येथल्या थर्ड अव्हेन्यूच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे पालो आल्टोपर्यंत जाता येईल का? नकाशावर पाणी मोकळे आणि उथळ दिसते.
— एक वाचक, सॅन मटेओ

नकाशा पाण्याचा विस्तार दाखवतो, त्याखालचा चिखल आणि त्यावरच्या तारा दाखवत नाही. सरळ रेषेत हे अंतर साधारण २० किलोमीटर आहे, वाराही वायव्येकडून योग्य दिशेने येतो. पण वाटेत ११ किलोमीटर लांबीचा सॅन मटेओ पूल आडवा आहे आणि त्यालगत खाडी ओलांडणाऱ्या वीजवाहिन्यांचे मनोरे आहेत. दोऱ्यांच्या टोकावर वीस-चोवीस मीटर उंच उडणाऱ्या काइटसह पूल आणि तारा पार करण्याचा विचार मी तरी करणार नाही. तुम्ही थर्ड अव्हेन्यूवर नुसते खेळतानाही हा पूल वाऱ्याच्या खालच्या बाजूला असतो, हे ध्यानात ठेवा. तेथे काइट बिघडला तर वारा तुम्हाला त्याच्याकडेच नेणार.

पुलापलीकडच्या पाण्याचा स्वभावही निराळा आहे. गोल्डन गेटपाशी भरती-ओहोटीतील फरक सरासरी पावणेदोन मीटरच्या आसपास असतो, तर खाडीच्या दक्षिण टोकाला तो अडीच मीटरच्या पुढे जातो, आणि पाणी तेथे तासाभराने उशिरा चढते-उतरते. उतरताना ते मैलभर चिखल उघडा टाकून जाते. काठावर जे चौकोनी तुकडे दिसतात ती बहुतांशी जुनी मिठागरे आहेत. भांडुप-मुलुंडच्या बाजूला लहानपण गेलेल्यांना ती पाहताक्षणी ओळखू येतील. २००३ मध्ये १५,००० एकरांहून अधिक मिठागरे सरकारी ताब्यात आली आणि त्यांची पुन्हा पाणथळ करण्याचे काम तेव्हापासून चालू आहे. तेथे दुर्मीळ पक्षी घरटी करतात, सील पिलांसह विसावतात. ‘अडचण आली तर कुठेही उतरू’ हे म्हणणे तेथे सुरक्षित नाही आणि उचितही नाही.

तुमच्यासाठी कोयोटी पॉइंट ते थर्ड अव्हेन्यू हा चारच किलोमीटरचा टप्पा आहे. तो लहान म्हणून हिणवू नका. तीन-चार वेळा तो केलात की, निघालो त्या जागी परत येण्याची सोय नसताना मन कसे वागते हे कळते, आणि दुपारच्या जेवणानंतर निघून चहाला घरी येता येते.

आपल्या कोकणात अशी सफर होऊ शकेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

वाऱ्याची दिशा अनुकूल आहे. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी वायव्येकडून येणारा वारा किनाऱ्याला तिरका लागतो आणि दक्षिणेकडे नेतो. गोव्यात मोरजी-आश्वे भागात याच वाऱ्यावर काइट उडतात. मात्र त्याचा जोर सॅन फ्रान्सिस्कोच्या मानाने बेताचा असतो, त्यामुळे मोठा काइट किंवा फॉइल लागते. पावसाळ्यातला वारा जोरदार असला तरी त्या समुद्रात मासेमारीच्या होड्याही जात नाहीत, तेथे आपण जाऊ नये.

खरी अडचण किनाऱ्याच्या घडणीत आहे. पुळण संपली की कातळाचे टोक येते, टोकामागे वारा अडतो, पुढे खाडीचे मुख आणि तेथे ओहोटीची ओढ. उत्तर कोकणात डोल जाळ्यांचे खुंट पाण्यात असतात. जाळी कोठे लावली आहेत, उधाणाला कोणत्या मुखात पाणी फुटते आणि भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत ते किती निवळते, हे गावातल्या कोळी किंवा खारवी बांधवांना विचारल्यावाचून कळणार नाही. सागरी पोलीस ठाण्यालाही आधी कळवा. आकाशात मोठा पतंग आणि पाण्यात अनोळखी माणूस पाहून कोणी विचारपूस केली तर त्यात त्यांची चूक नाही.

माझा मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. “वाऱ्याबरोबरच तर जायचे आहे, त्यात कष्ट नाहीत,” असे सांगून तो दर आठवड्याला असल्या सफरी करतो. हे कितपत खरे आहे?
— एक वाचक आई, पुणे

ताई, अर्धे खरे आहे. वाऱ्याच्या विरुद्ध वर चढत जाण्यासाठी पायांवर जो ताण येतो तो या सफरीत पुष्कळ कमी असतो. पण काइटला जाणवणारा वारा म्हणजे खरा वारा वजा आपला वेग. वारा २० नॉटचा असेल आणि आपण १२ नॉटने थेट त्याच्याच दिशेने पळालो, तर काइटला उरतो तो फक्त आठ नॉटचा वारा. दोऱ्या सैल पडतात आणि काइट खाली येतो. म्हणून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तिरके जात, काइट सतत फिरवत ठेवावा लागतो. दीड-दोन तास हे केल्यावर हात आणि लक्ष दोन्ही थकतात, आणि नेमके तेव्हाच उतरायचे असते.

तो दर आठवड्याला जातो आणि परत येतो, यावरून त्याला पुरेसे येत असावे असे मी धरतो. फोनवर त्याला वारा किती होता हे विचारू नका, त्याचे उत्तर तो उत्साहाने आणि बरेच वाढवून देईल. निघण्यापूर्वी तो कोणाला कळवतो, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर त्या माणसाने तटरक्षक दलाला फोन करायचा, आणि ठरलेल्या जागी उतरता आले नाही तर तो दुसरीकडे कोठे उतरणार, एवढे विचारा. तिसऱ्या प्रश्नावर तो थबकला तर हे उत्तर त्याला वाचून दाखवायला माझी हरकत नाही.