छतातले स्पीकर: सीलिंग बंद होण्याआधी विचारायचे प्रश्न

प्रश्न: नव्या फ्लॅटचा हॉल १२ बाय १८ फुटांचा आहे. जिप्समचं फॉल्स सीलिंग सुरू होतंय. इंटिरियरवाल्यांचं म्हणणं, चार कोपऱ्यांत चार स्पीकर बसवू. मधोमध पंखा आहे. किती स्पीकर घ्यावेत आणि कुठे लावावेत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: कोपरे नकाशावर छान दिसतात, कानाला नाही. दोन भिंतींच्या बेचक्यात खालचे सूर (बेस) फुगतात आणि बराचसा आवाज भिंतीवर आपटून उशिरा पोचतो.

जागा ठरवायचा हिशेब सोपा आहे. फॉल्स सीलिंगनंतर उंची साडेआठ फूट उरेल असं धरू. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे मधलं अंतर ५ फूट. आवाज चारी बाजूंनी ४५ अंशांपर्यंत नीट पसरवणारा स्पीकर असेल, तर कानाच्या पातळीवर त्याचं वर्तुळ १० फूट व्यासाचं होतं. तुमच्या हॉलला अशी दोन वर्तुळं पुरतात. लांबीच्या मध्यरेषेवर, दोन्ही टोकांच्या भिंतींपासून साडेचार फूट आत एकेक स्पीकर लावा. दोघांत ९ फूट अंतर राहील.

यात पंख्याचाही प्रश्न सुटतो. ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून २ फुटांपर्यंत जातं, म्हणजे पात्याचं टोक आणि स्पीकर यांत अडीच फूट मोकळे राहतात. स्पीकर पात्यांच्या वर आला, तर मिनिटाला ३५० फेऱ्या घेणारा तीन पात्यांचा पंखा आवाज सेकंदाला १७-१८ वेळा कापतो. बासरी किंवा तंबोरा लावला की सूर थरथरतो, आणि लोक अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला नेतात!

दोन्ही स्पीकरना मोनो, म्हणजे एकसारखाच, आवाज द्या. डावा-उजवा वेगळा ठेवलात, तर सोफ्याच्या एका टोकाला बसलेल्याला जुन्या स्टीरिओ रेकॉर्डिंगमधलं अर्धंच गाणं ऐकू येईल.

बोर्ड चढण्याआधी सांगाड्याचे फोटो काढा आणि जागा खाली फरशीवर आखून घ्या. सांगाड्याच्या पट्ट्या साधारण दीड-दीड फुटावर असतात. भोकाच्या मधोमध पट्टी आली की कारागीर ती सरळ कापतो आणि पुढे तिथेच सीलिंगला तडा जातो. साडेसहा इंच हे माप स्पीकरच्या पडद्याचं आहे, भोकाचं नाही. भोक बहुधा ८ इंचांच्या आसपास लागतं. खोक्यातला कागदी साचा ठेवूनच कापा. खोलीही मोजा. बीमखाली सीलिंग जेमतेम ३ इंच उतरवलेलं असेल, तर बरीचशी मॉडेलं तिथे मावतच नाहीत.

प्रश्न: दुकानात दोन मॉडेल ऐकली. एक खणखणीत वाजलं, खोक्यावर २०० वॅट लिहिलंय. दुसरं ८० वॅटचं, जरा मवाळ. पारखायचं कसं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: दुकानात स्पीकर उभ्या फळीवर लावलेले असतात आणि तुम्ही बरोबर समोर उभे राहता. घरी तुम्ही त्यांच्या समोर कधीच नसता, नेहमी कडेला असता. म्हणून गाणं चालू ठेवून समोरून हळूहळू बाजूला सरका, ४५ अंशांच्याही थोडं पुढे जा. टाळ-झांज, ‘स’ आणि ‘श’ विझत गेले, तर ते मॉडेल समोरून कितीही चमकलं तरी सोडा. बातम्या वाचणारा पुरुषी आवाज लावा. माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो का, ते लगेच कळतं.

दोन्ही मॉडेलांचा आवाज आधी सारखा करून घ्या. एक ८७ डेसिबल संवेदनक्षमतेचं (म्हणजे एका वॅटवर एक मीटर अंतरावर तेवढं मोठं वाजणारं) आणि दुसरं ९० चं असेल, तर दुसरं निम्म्या वॅटमध्ये तेवढंच वाजतं, आणि जे मोठं वाजतं तेच आपल्याला चांगलं वाटतं. २०० हा आकडा बहुधा क्षणिक कमाल असतो. सलग किती वॅट झेपतात ते विचारा. तसं पाहिलं तर ८८ डेसिबलचा स्पीकर एका वॅटवर दीड मीटर अंतरावरच्या कानाला साधारण ८४ डेसिबल देतो. तेवढ्यात घरात गप्पा थांबतात.

पडदा पॉलिप्रॉपिलीनचा आणि त्याची कड रबराची असावी. फोमची कड आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होते. कोकण-गोव्यात जाळी अ‍ॅल्युमिनियमची घ्या, लोखंडी जाळी गंजते.

स्वस्तात मिळतात म्हणून दुकानं-दवाखान्यांत लावतात ते १०० व्होल्ट लाइनचे स्पीकर घेऊ नका. मागे ३, ६, १० वॅट असे टप्पे लिहिलेले असतात, आत ट्रान्सफॉर्मर असतो. घरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ते कुजबुजतात. तुम्हाला ८ ओमचे हवेत.

प्रश्न: इलेक्ट्रिशियन म्हणतात, कुठलीही वायर चालते. खरं आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: नाही. १५ मीटरपर्यंत ‘दीड एमएम’ (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर), त्यापुढे ‘अडीच एमएम’, आणि शुद्ध तांब्याचीच. दीड एमएमच्या १५ मीटर जोडवायरीत जाऊन-येऊन ०.३६ ओम अडथळा होतो. ८ ओमच्या स्पीकरला तो ५ टक्क्यांच्या आत आहे. वायरीचा एक धागा ब्लेडने खरवडा. आत पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, परत करा. विजेच्या पाइपातून ही वायर नेऊ नका आणि सीलिंगच्या आत जोड ठेवू नका.

प्रश्न: स्पीकर बसवून झालेत. ठरावीक गाण्यांना सीलिंग घरघरतं आणि वरच्या मजल्यावरून तक्रार येते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. घरघर शोधायला मोबाइलवरच्या टोन जनरेटरने (हवा तो एकच सूर वाजवणारं अ‍ॅप) ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत सूर सावकाश चढवा. जिथे घरघर सुरू होते तिथे थांबा आणि सूर तसाच ठेवून बोर्ड, एसीची जाळी, दिव्यांच्या स्प्रिंगा एकेक करून हाताने दाबा. बहुतेक वेळा वर सुटा पडलेला एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारी डबी) सापडतो. बोर्डच थरथरत असेल, तर भोकाभोवती वरून प्लायवूडची कडी लावा आणि स्पीकरचे कान (बोर्डला धरून ठेवणाऱ्या पकडी) हाताच्या स्क्रू-ड्रायव्हरने पुन्हा आवळा. ड्रिलने आवळले की जिप्सम चुरतं.

शेजाऱ्यांचं दुखणं मोठं आहे. उघड्या पाठीचा स्पीकर जेवढे खालचे सूर हॉलमध्ये सोडतो, तेवढेच वरच्या पोकळीतही सोडतो. मागे बंद पेटी लागते. कंपनीची मिळाली तर उत्तम, नाहीतर उत्पादकाने सांगितलेल्या आकारमानाची प्लायची करून घ्या. तिचं वजन जिप्समवर टाकू नका, स्लॅबला अँकर मारून टांगा. आत कापडात गुंडाळलेली रॉकवूल भरा. तरीही ढोलकीचा ठोका स्लॅबमधून थोडा जाणारच. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ८० हर्ट्झखालचे सूर कापून टाका, तक्रार बरीच कमी होईल.

प्रश्न: टीव्हीसाठी डॉल्बी अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत) करायचंय. छतात दोन की चार? सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे.
– एक वाचक, वडोदरा

उत्तर: दोन. चार लावायचे तर ते कानापासून पुढे-मागे ४५ अंशांवर हवेत, म्हणजे ५ फूट उंचीच्या फरकाला ५ फूट पुढे आणि ५ फूट मागे. तुमच्या मागे भिंत आहे. दोन स्पीकर डोक्याच्या रेषेपासून साधारण ११ इंच पुढे, टीव्हीशेजारच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या सरळ रेषेत बसवा. आणि संवादाचा मधला स्पीकर टीव्हीखालीच राहू द्या. तो छतात गेला तर पात्रं माळ्यावरून बोलतात.